घरी बांधलेले तारेचे अँटेना आणि वाचकांचे प्रश्न

हौशी रेडिओविषयी, म्हणजे ज्याला आपण सर्व जण हॅम रेडिओ म्हणतो त्याविषयी, गोव्याच्या निरनिराळ्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांत सर्वाधिक प्रश्न अँटेनाचे आहेत. ते स्वाभाविकही आहे, कारण रेडिओ संच बहुतेकांना विकत घ्यावा लागतो, पण अँटेना मात्र आजही स्वतःच्या हातांनी बांधून, मोजून आणि पुन्हा बांधून सुधारता येतो. प्रसारणासाठी दूरसंचार विभागाचे लायसन्स लागते आणि कोणत्या बँडवर किती शक्ती वापरायची हे त्यात ठरवून दिलेले असते. वाचकांकडे ते आहे असे गृहीत धरून पुढील उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: मला नुकतेच लायसन्स मिळाले आहे. घरामागच्या कुळागरात माड, पोफळी आणि एक जुना आंबा आहे. ७ मेगाहर्ट्झसाठी पहिला अँटेना कोणता बांधावा? तार कोणती व किती घ्यावी, आणि ती झाडांवर कशी चढवावी? (एक वाचक, साखळी)

उत्तर: पहिला अँटेना मधोमध केबल जोडलेला अर्ध्या तरंगलांबीचा डायपोलच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८०च्या दशकात रेडिओतरंगांचे अस्तित्व दाखवताना जी रचना वापरली, तिच्यातूनच हा अँटेना आलेला आहे. त्याचे गणित सोपे आहे, वर्तन पूर्णपणे समजलेले आहे, आणि पुढे तुम्ही कोणताही नवा प्रकार बांधला तरी त्याची तुलना करण्यासाठी हाच उपयोगी पडतो. म्हणून नवा प्रयोग सुरू करताना जुना डायपोल उतरवून ठेवू नये.

लांबीसाठी १४२.५ या संख्येला मेगाहर्ट्झमधील फ्रिक्वेन्सीने भागावे. उत्तर मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ते सुमारे २०.०७ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटरपेक्षा किंचित अधिक तार लागते. पण हे सूत्र उघड्या तारेचे, आणि तेही जमिनीपासून बऱ्यापैकी उंच बांधलेल्या अँटेनाचे आहे. घरगुती वायरिंगची पीव्हीसी आवरणाची तांब्याची वायर वापरली, तर त्या आवरणामुळे तरंगाचा तारेवरील वेग थोडा मंदावतो आणि अँटेना काही टक्के आखूड ठेवावा लागतो. टोके जमिनीजवळ आली तर आणखी थोडा. म्हणून सुरुवात लांब तारेनेच करावी. समजा, तुम्ही प्रत्येक बाजूला १०.५ मीटर तार लावली आणि एसडब्ल्यूआर (अँटेना संचाशी किती जुळतो हे दाखवणारे गुणोत्तर; १ म्हणजे पूर्ण जुळणी) सर्वांत कमी ६.७० मेगाहर्ट्झवर मिळाला. आता एकूण २१ मीटर लांबीला ६.७० ने गुणून ७.१० ने भागा, सुमारे १९.८२ मीटर येते, म्हणजे प्रत्येक बाजू ५९ सेंटीमीटरने कमी करायची आहे. हे माप एकदम कापून टाकू नये. आधी ४० सेंटीमीटर तार टोकाशी दुमडून तिच्याच अंगावर घट्ट पिळावी, अँटेना पुन्हा पूर्ण उंचीवर चढवून मोजमाप घ्यावे आणि मगच पुढे जावे. खाली उतरवून, हाताच्या अंतरावर धरून घेतलेले मोजमाप निरुपयोगी असते, कारण जमीन आणि स्वतः तुम्ही अँटेनाच्या मोजमापात शिरलेले असता.

दीड चौरस मिलिमीटरची, अनेक बारीक तारांची वायर पुरेशी आहे. ती फार जड नसते आणि वाऱ्यात हलूनही लवकर तुटत नाही. जीआय तार स्वस्त पडते खरी. परंतु तिचा विद्युतरोध अधिक आहे आणि जस्ताचा थर गेला की आपल्या हवेत ती लवकर गंजते. मधल्या जोडासाठी ॲक्रिलिकचा किंवा जाड प्लास्टिकचा तुकडा आणि टोकांसाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे इन्सुलेटर म्हणून उत्तम चालतात. जोडावर ताण येऊ देऊ नये: वायर तुकड्याच्या भोकांतून दोनदा ओवून ताण प्लास्टिकवर घ्यावा आणि सोल्डर केलेला भाग सैल राहू द्यावा. केबलच्या बाहेरच्या जाळीवरून रेडिओप्रवाह घरात येऊ नये म्हणून मधल्या जोडालगतच चोक, म्हणजे असा प्रवाह अडवणारी केबलची गुंडाळी, हवा. ३१ क्रमांकाच्या फेराइटची मोठी रिंग मिळाल्यास तीवर आरजी-५८ (संच आणि अँटेना जोडणारी बारीक केबल) केबलचे १० ते १२ वेढे घ्यावेत.

झाडांविषयी. आंब्याच्या फांदीवरून दोरी नेण्यासाठी गलोलीने शिशाचे वजन बांधलेली तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) मारावी, तंगुशीने बारीक सुतळी ओढावी आणि सुतळीने दोरी. माडावर मात्र स्वतः चढण्याचा मोह टाळावा. नारळ पाडण्यासाठी पाडेली येईल त्या दिवशी त्याच्याकडून वर एक कप्पी बांधून घ्यावी आणि तिच्यातून ओवलेल्या दोरीची दोन्ही टोके खाली सोडून ठेवावीत. पुढील सर्व प्रयोग मग जमिनीवरून करता येतात. झाडापासून तारेच्या टोकापर्यंत किमान दोन-तीन मीटर दोरीच असावी, कारण ओल्या झावळ्यांना तार टेकली की रेझोनन्स (अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीला जुळतो ती) सरकतो आणि शक्तीही वाया जाते. दोरीचे खालचे टोक खांबाला बांधण्याऐवजी त्याला वाळू भरलेली बाटली लटकवावी. माड डोलला की बाटली वर-खाली होते आणि तार तुटत नाही. दोन्ही टोके सारख्या उंचीवर नेणे जमत नसेल, तर मधला भाग आंब्यावर उंच आणि टोके खाली अशी उलट्या व्हीची रचना करावी. दोन्ही बाजूंमधील कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नये. प्रसारणाच्या वेळी टोकांवर मोठा विद्युतदाब असतो, म्हणून ती कोणाच्याही हाताला लागणार नाहीत इतकी वर असावीत. आणि वीजखात्याच्या तारा जिथून जातात, त्या बाजूला तंगूस मारणे, तार ओढणे किंवा बांबू उभा करणे यांपैकी काहीही करू नये. तुटलेली अँटेनाची तार ज्या कोणत्याही वीजवाहिनीवर पडू शकते, ती वाहिनी धोक्याच्या अंतरातच आहे असे समजावे.

प्रश्न: मी इमारतीच्या गच्चीवर एक उभा आणि एक तारेचा अँटेना लावला आहे. दोन्हींचा एसडब्ल्यूआर १.२ च्या आत आहे, तरीही मला फारसे कोणी ऐकत नाही. याचे कारण काय असावे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: असा प्रश्न विचारणारी पत्रे याहूनही अनेक आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एसडब्ल्यूआर फक्त एवढेच सांगतो की, तुमच्या संचाला समोरचा भार ५० ओहमच्या जवळपासचा दिसतो की नाही. त्या भारात गेलेली शक्ती आकाशात गेली, मातीत मुरली की केबलमध्ये उष्णता बनून संपली, याविषयी तो काहीही सांगत नाही. ५० ओहमच्या डमी लोडचा (चाचणीसाठी अँटेनाऐवजी जोडायच्या रोधाचा) एसडब्ल्यूआर जवळजवळ १ असतो आणि त्यातून प्रसारण जवळपास शून्य होते.

प्रथम तुमच्या केबलकडे पाहा. १४४ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ केबलच्या सुमारे १५ मीटर लांबीत जवळजवळ निम्मी शक्ती नाहीशी होते. अशा केबलचे दूरचे टोक पूर्ण मोकळे सोडले, तरी परत येणारी लाट जाताना निम्मी आणि येताना निम्मी होते, म्हणजे एक चतुर्थांश उरते. संचाजवळचे मीटर त्यामुळे अनंताऐवजी केवळ ३ च्या आसपास एसडब्ल्यूआर दाखवते. म्हणजे केबल जितकी वाईट, तितके मीटर समाधानकारक! पाणी शिरलेली केबल याच कारणाने पुष्कळ दिवस लक्षात येत नाही. जुन्या केबलची परीक्षा सोपी आहे: दूरच्या टोकाला डमी लोड जोडून तिथे पोहोचणारी शक्ती मोजावी. ७ मेगाहर्ट्झवर हीच केबल पुष्कळ बरी वागते. तिथे एवढ्याशा लांबीतील नुकसानीची चिंता करू नये.

उभ्या अँटेनात दुसरी शक्यता असते. पाव तरंगलांबीच्या उभ्या तारेचा रोध परिपूर्ण जमिनीवर सुमारे ३६ ओहम असतो. जमिनीची बाजू कच्ची असेल आणि तिथे आणखी १४ ओहमचा तोटा होत असेल, तर एकूण ५० ओहम होतात आणि मीटर १ दाखवते; प्रत्यक्षात प्रत्येक १०० वॉटपैकी २८ वॉट मातीत किंवा गच्चीच्या काँक्रीटमध्ये जात असतात. तुम्ही रेडियल तारा, म्हणजे अँटेनाच्या तळापासून चहूकडे पसरलेल्या तारा, वाढवत गेलात की एसडब्ल्यूआर १.४ कडे चढू लागतो आणि अँटेना सुधारत असतो. कितीतरी जण नेमके याच वेळी घाबरून रेडियल काढून टाकतात. याउलट २ हा एसडब्ल्यूआरही फार भयंकर नाही. त्या स्थितीत परत फिरणारी शक्ती ११ टक्के असते, आणि चांगल्या केबलवर ती सगळी वायादेखील जात नाही.

तुमच्या बाबतीत मी आधी गच्चीवरच्या तारेची उंची तपासेन. स्लॅबपासून एखाद-दोन मीटर वर ताणलेली तार ही खालच्या लोखंडी सळ्यांच्या जाळीला जवळजवळ चिकटलेली असते. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर एक खांब उभारून तिचा मध्य आणखी चार मीटर वर नेता आला, तर मीटरवरील आकडा कदाचित बिघडेल, पण लोक तुम्हाला ऐकू लागतील. हा बदल एकटाच करावा आणि त्याचा परिणाम टिपून ठेवावा. केबल, उंची आणि चोक एकाच रविवारी बदलले तर सुधारणा कशाने झाली हे कधीच कळत नाही.

प्रश्न: आमचे घर सत्तरीत, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. हातातल्या व्हीएचएफ (१४४ मेगाहर्ट्झसारख्या उच्च फ्रिक्वेन्सीच्या) संचाने डोंगरापलीकडे काहीच पोहोचत नाही. परंतु ७ मेगाहर्ट्झवर केवळ सहा-सात मीटर उंचीच्या डायपोलने पुणे, मुंबई आणि बेंगळुरू दिवसा स्वच्छ मिळतात, आणि रात्री हीच स्थानके नाहीशी होऊन दूरचे आवाज येतात. अँटेना उंच केला तर हे सुधारेल का? (एक वाचक, वाळपई)

उत्तर: तुम्ही वर्णन केलेला अँटेना आपल्या कामाला अगदी योग्य आहे. ७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर असते. तिच्या पाव भागापेक्षा, म्हणजे दहा-साडेदहा मीटरपेक्षा कमी उंचीवरचा आडवा डायपोल आपली बरीचशी शक्ती सरळ डोक्यावर फेकतो. ती आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या उंचावरील विद्युतभारित थरातून, परत येऊन आजूबाजूच्या काही शे किलोमीटरच्या प्रदेशावर पसरते, आणि घाटाचे कडे तिच्या वाटेत येतच नाहीत. व्हीएचएफ मात्र बहुतांशी सरळ रेषेत जाते, म्हणून डोंगर तिला अडवतो.

रात्रीचा फरक उंचीमुळे पडत नाही. सरळ वर गेलेली लाट परत फिरण्यासाठी आयनांबराची घनता पुरेशी असावी लागते. सूर्य मावळल्यावर ती घनता उतरत जाते, आणि एका मर्यादेनंतर ७ मेगाहर्ट्झच्या उभ्या लाटा आरपार निघून जातात. तिरप्या गेलेल्या मात्र अजूनही परत फिरतात, म्हणून पुणे गप्प होते आणि दूरचे देश बोलू लागतात. यावर उपाय म्हणजे खालचा बँड. ३.६ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ३९.६ मीटर तार लागते. एवढी सरळ जागा नसेल तर शेवटचे काही मीटर काटकोनात वळवले किंवा खाली सोडले तरी चालते, फक्त पुन्हा मोजून लांबी जुळवावी. दोन्ही डायपोल एकाच मधल्या जोडाला, एकाच केबलवर लावता येतात. त्यांच्या तारा एकमेकींपासून जितक्या दूर फाकतील तितके जुळवणे सोपे जाते.

डायपोल २० मीटरवर नेला, तर मुख्य झोत ३० अंशांच्या कोनात खाली येईल आणि डोक्यावर जवळजवळ काहीच उरणार नाही. दूर देशांसाठी ते हितावह आहे, पण पुण्याच्या मित्रांशी दुपारी बोलण्यासाठी नाही. १४ मेगाहर्ट्झवर हीच स्थिती अवघ्या १० मीटर उंचीवर मिळते, म्हणून परदेशी स्थानकांची हौस तिथे भागवावी.

प्रश्न: काणकोणमध्ये समुद्राजवळ घर आहे. समुद्रकाठी उभा अँटेना विशेष चांगला चालतो असे वाचले. मग जांभ्या दगडाच्या जमिनीवर तो लावला तर चालेल का? खाऱ्या हवेने तारा काळ्या पडतात, त्याचे काय करावे? (एक वाचक, काणकोण)

उत्तर: समुद्रकाठाविषयी वाचलेले खरे आहे. खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता साधारण जमिनीच्या सुमारे हजारपट असते, आणि उभ्या अँटेनातून क्षितिजालगत निघणारे तरंग अशा पाण्यावरून फारसे क्षीण न होता जातात. मात्र हा लाभ पाण्याच्या दिशेनेच मिळतो, म्हणजे तुमच्याकडून अरबस्तान आणि आफ्रिकेकडे, आणि अँटेना पाण्यापासून एखाद्या तरंगलांबीच्या आत असला तर. घर किनाऱ्यापासून पाव किलोमीटर आत, जांभ्याच्या टेकाडावर असेल तर जवळच्या जमिनीचाच विचार करावा लागतो. उन्हाळ्यात कोरडा पडलेला जांभा वीज फार वाईट वाहतो, आणि पावसाळ्यात तोच भिजल्यावर तुमचे मोजमाप बदलते. मे आणि जुलै यांतील नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या तर हे चांगले दिसते. जमिनीवर १० मीटर उभ्या तारेखाली निदान १६ रेडियल पसरावेत. त्यांची लांबी काटेकोर असण्याची गरज नाही. एवढी तार पसरणे शक्य नसेल तर डोक्यापेक्षा उंच, प्रत्येकी पाव तरंगलांबीचे दोन ते चार रेडियल बांधावेत. यांची लांबी मात्र नीट जुळवावी लागते.

किनाऱ्यावर जाऊन तात्पुरता अँटेना उभारणे हा सुंदर प्रयोग आहे, पण आगोंद आणि गालजीबाग येथे कासवे अंडी घालतात. विणीच्या हंगामात तिथल्या वाळूत तारा, खुंट्या किंवा दिवे नेऊ नयेत. त्याऐवजी खाडीकाठचा एखादा बांध शोधावा.

तार काळी पडते ती उघड्या टोकातून. खारट ओल पीव्हीसीच्या आत बारीक तारांच्या फटींतून हातभर वर चढते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. कापलेले प्रत्येक टोक सोल्डरने भरून त्यावर स्वतःशीच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ओढून गुंडाळावी, आणि उन्हापासून तिचे रक्षण करण्यासाठी वर साधी पीव्हीसी टेप लावावी. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट जोडू नयेत. खाऱ्या ओलाव्यात तो जोड फार लवकर कुरतडला जातो.

प्रश्न: पावसाळ्यात अँटेना उतरवून ठेवावा का? (दोन वाचक, पेडणे व डिचोली)

उत्तर: तारेचा अँटेना उतरवण्याची गरज नाही, पण संचापासून सोडवण्याची शिस्त हवी. गोव्यात विजांचा जोर मोसमी पाऊस सुरू होण्यापूर्वी मे महिन्यात आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये अधिक असतो. प्रसारण संपले की केबल काढून तिचे टोक घराबाहेर, अर्थिंगजवळ ठेवावे. गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावू नये. ती त्याआधीच सुटलेली असावी. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून गळून जाते. पीएल-२५९ कनेक्टर मुळात जलरोधक नसतो, त्यामुळे बाहेरचा प्रत्येक जोड वर सांगितलेल्या टेपने बंद करावा. मधला जोड प्लास्टिकच्या डबीत असेल तर डबीच्या तळाला एक बारीक भोक ठेवावे, कारण आत साठलेल्या वाफेला बाहेर पडण्यास वाट लागते.

प्रश्न: मी फोंड्याला अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या झाडापर्यंत एकच तार नेता येते. टोकाकडून जोडलेला अर्धतरंग अँटेना आणि ४९:१ ट्रान्सफॉर्मर यांवर प्रयोग करायचे आहेत. तो डायपोलइतका चांगला आहे की नाही, हे खात्रीने कसे ठरवावे? (एक विद्यार्थी, फोंडा)

उत्तर: तुमच्या जागेसाठी ही निवड योग्य आहे. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेच्या टोकाशी विद्युतदाब जास्त आणि प्रवाह कमी असतो, त्यामुळे तेथील रोध काही हजार ओहम असतो. ४३ क्रमांकाच्या मोठ्या फेराइट रिंगवर २ आणि १४ वेढे घेतले की वेढ्यांचे प्रमाण १:७ आणि रोधाचे १:४९ होते, म्हणजे २४५० ओहमचे ५० होतात. प्राथमिक वेढ्यांवर १०० पिकोफॅरडचा, उच्च विद्युतदाबाचा कपॅसिटर लावल्यास वरच्या बँडवर वर्तन सुधारते. सुमारे २० मीटरची तार ७, १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर चालते, कारण या प्रत्येक ठिकाणी तिच्यात अर्धतरंगांची पूर्ण संख्या बसते आणि टोकाशी दाब जास्तच राहतो. परतीच्या प्रवाहाला मात्र कुठून तरी वाट लागते. तुम्ही ती दिली नाही तर तो केबलच्या जाळीवरून खोलीत येतो. ट्रान्सफॉर्मरपासून दोन-तीन मीटर केबल सोडून मग चोक लावावा, म्हणजे तेवढा तुकडा परतीची वाट म्हणून काम करतो. काही मिनिटांच्या प्रसारणानंतर शक्ती बंद करून रिंगला हात लावून पाहावा. ती तापली असेल तर ती उष्णता तुमच्याच शक्तीची आहे.

तुलनेसाठी एक-दोन स्थानकांनी सांगितलेला सिग्नल रिपोर्ट पुरेसा नाही, कारण एकाच मिनिटात लाटेची ताकद कित्येक डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचे प्रमाण मोजण्याचे एकक) वर-खाली होते. यासाठी नोबेल पुरस्कारविजेते भौतिकशास्त्रज्ञ जो टेलर यांनी २००८ मध्ये आणलेली डब्ल्यूएसपीआर ही पद्धत वापरावी. यात अत्यल्प शक्तीने जवळजवळ दोन मिनिटांचा एक संदेश पाठवला जातो, आणि जगभरची ग्राहक स्थानके तो किती डेसिबलने ऐकू आला हे इंटरनेटवर आपोआप नोंदवतात. महाविद्यालयाच्या आवारात परवानगी मिळाली तर तिथे दोन्ही अँटेना शेजारी, पण एकमेकांपासून शक्य तितके दूर आणि सारख्या उंचीवर बांधावेत. एक संदेश डायपोलवरून, पुढचा दुसऱ्यावरून, असे दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी काही दिवस आळीपाळीने पाठवावेत, आणि ज्या स्थानकांनी दोन्ही ऐकले त्यांच्याच जोड्या घेऊन फरकांची सरासरी काढावी. दिशा वेगळ्या असतील तर स्थानकांचे दिशेनुसार गट करावेत, नाहीतर तारेच्या रोखाचा परिणाम ट्रान्सफॉर्मरच्या माथी मारला जाईल. सरासरी फरक एका डेसिबलच्या आत आला तर खिडकीतली तार निःशंकपणे ठेवा. तीन डेसिबलच्या पुढे गेला तर प्रथम रिंगचे तापमान पाहा आणि त्यानंतर चोकची जागा बदलून तीच मालिका पुन्हा घ्या.